सून येण्याआधीची सासू

मला सून यायला बराच अवकाश होता, तेव्हाच मी सासू झाले. आणि तीही साधीसुधी नाही. सुनेला शिळी भाकरी देऊन स्वतः तूप घातलेला शिरा खाणारी, कपाटाच्या किल्ल्या कमरेला खोचून फिरणारी, अशी खाष्ट सासू.

वडीगोद्रीला हायवेच्या कडेला माझं शिलाईचं दुकान आहे. शेजारच्या गाळ्यात एक तरुण मोबाइल दुरुस्त करतो आणि लग्नसराईत व्हिडिओ शूटिंगची कामं घेतो. त्याने आसपासच्या गावांतली हौशी माणसं जमवून मोबाइलवर बघायची एक मालिका सुरू केली होती. दर आठवड्याला एक भाग. आम्ही त्याला आधी चेष्टेने दिग्दर्शक म्हणायचो, नंतर तीच सवय पडली. त्याच्या मालिकेत सासूचं काम करणारी बाई मुलीच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेली आणि तिकडेच रमली. दिग्दर्शक डोक्याला हात लावून माझ्या पायरीवर येऊन बसला. नेमकी त्याच वेळी एक बाई ब्लाउज घेऊन आली आणि म्हणाली, "तुम्ही तंग शिवला."

मी तिला सांगितलं, "बाई, माप घेतलं तेव्हा संक्रांत व्हायची होती. त्यानंतर तिळाचे लाडू तुम्ही खाल्ले, मी न्हाई. ब्लाउजला कामून दोष देऊन राह्यल्या?"

ती बाई तणतणत गेली. दिग्दर्शक उठून उभा राहिला. "मावशी, बस. एवढंच. हेच कॅमेऱ्यासमोर बोलायचं."

मी दहावीपर्यंत शिकलेली, गॅदरिंगमध्येसुद्धा कधी स्टेजवर न चढलेली बाई. पण आमचे मालक म्हणाले, "जा की. घरी बोलतेस ते आम्हीच ऐकतो, तिकडं चार लोक ऐकतील." त्यांना वाटलं एक-दोन भागांत हौस फिटेल.

आमचं शूटिंग एका मळ्यातल्या घरात चालायचं. अंगण चांगलं होतं, पण शेजारच्या गोठ्यात एक शेळी होती, आणि मी आवाज चढवला की ती पण चढवायची. हायवेवरून उसाचा ट्रॅक्टर गाणी लावून गेला की सगळे थांबायचे. माझ्या सुनेचं काम अंबडच्या कॉलेजात शिकणारी एक पोरगी करायची. पडद्यावर ती उपाशी, आणि दोन टेकच्या मधे माझ्या ताटातला शिरा चाटूनपुसून खायची. दिग्दर्शक ओरडायचा, "अगं, मागच्या शॉटमध्ये ताट भरलेलं होतं!" मग परत रवा भाजायचा. भाजायचा कुणी? मीच. त्या मालिकेत सुनेला छळण्यापेक्षा जास्त वेळ मी तिच्यासाठी शिरा करण्यात घालवला.

हळूहळू माझी कीर्ती पसरली. अंबडच्या बाजारात भाजीवाली मला म्हणाली, "तुला न्हाई देत मेथी. त्या लेकराला तरी कुठं खाऊ घालणार तू?" बसमध्ये एक म्हातारी माझ्या शेजारून उठून उभी राहिली आणि अंबड येईपर्यंत उभीच राहिली. मला राग यायचा नाही, उलट आतून गुदगुल्या व्हायच्या. मात्र खरी चंगळ झाली आमच्या मालकांची. चहाच्या टपरीवर लोक त्यांना विचारायचे, "भाऊ, घरीबी असंच आहे का हो?" हे काही बोलायचे नाहीत. फक्त मोठा उसासा सोडायचे. त्या उसाशावर त्यांना कितीतरी चहा फुकट मिळाले. मला हे पुष्कळ उशिरा कळलं.

असं सगळं मजेत चाललं होतं, तोच माझ्या मुलासाठी स्थळ आलं. मुलगा जालन्याला स्टीलच्या कारखान्यात इलेक्ट्रिशियन आहे. मुलगी घनसावंगीकडची, बीएस्सी झालेली. दोघांनी एकमेकांना पाहिलं, फोनवर बोलले, पसंत केलं. राहिलं होतं ते फक्त मुलीकडच्यांनी आमचं घर बघायला येणं.

ते आले. मुलीचे वडील, काका, मध्यस्थ आणि मुलीची आत्या. आत्या विधवा, साठीच्या पुढची, आणि त्या घरात तिच्या शब्दाबाहेर पानसुद्धा हलत नव्हतं. वडील आमची मोसंबीची बाग बघायला गेले, काका बोअरचं पाणी किती इंच ते विचारत राहिले. आत्या मात्र पलंगावर बसून माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"तुमाला कुठंतरी पाह्यलंय म्या," ती म्हणाली.

मला वाटलं, चला, ओळख कामाला येतेय. मी पदर सावरला आणि लाजत म्हणाले, "मोबाइलवर पाहिलं असंल."

आत्याचा चेहरा एकदम बदलला. तिने हातातली कपबशी खाली ठेवली. "तीच! तीच ही! परवा त्या पोरीला तापात धुणं धुवायला लावलं!"

"अहो, ती गोष्ट आहे," मी म्हणाले.

"मंग ह्या काय आहेत?" तिने माझ्या कमरेकडे बोट दाखवलं. माझ्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा होता. दुकान नुकतंच बंद करून आले होते मी, दुकानाच्या किल्ल्या होत्या त्या. मी सांगू लागले, पण आत्या उठून थेट स्वयंपाकघरात गेली. तिथे पाहुण्यांसाठी केलेला शिरा होता. तूप वर तरंगत होतं.

त्यानंतर तिने पाण्याचा घोटही घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी मध्यस्थाचा फोन आला. "पोरगा पसंत आहे, घर पसंत आहे, बाग तर लई पसंत आहे. सासू न्हाई पसंत."

घरात सुतक आल्यासारखं झालं. मुलगा जेवला नाही. मी म्हणाले, "मी सोडते ते काम." तो म्हणाला, "आता सोडून काय उपयोग? झालेले भाग तर कुणी पुसणार न्हाई." मालक म्हणाले, "मी जाऊन सांगू का त्यांना, की तू घरी तशी न्हाईस म्हणून?" तेवढ्यात मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्ही टपरीवर कसे उसासे सोडता ते घनसावंगीपर्यंत पोचलंय." तेव्हा मला उसाशांची भानगड कळली. त्या रात्रीची भाकरी मालकांनी स्वतः थापली, एवढंच सांगते.

दिग्दर्शकाला कळलं तेव्हा तो आमच्याहून जास्त घाबरला. सासू गेली तर मालिका गेली. तो म्हणाला, "मावशी, तुम्ही काळजी करू नका. मी जाऊन समजावतो. पुरावा सोबत नेतो." पुरावा म्हणजे माझी पडद्यावरची सून. तिने आत्यासमोर उभं राहून सांगायचं, की ही बाई मला छळत नाही, शिरा करून घालते.

दोघं मोटारसायकलवर घनसावंगीला गेले. संध्याकाळी परत आले तेव्हा पोरीच्या हातात नवी साडी आणि डबा होता.

"काय झालं?" मी विचारलं.

दिग्दर्शक खाली बघत म्हणाला, "आत्याबाईंनी हिला दारातच पोटाशी धरलं. रडल्या. मंग पुरणपोळी वाढली."

"आणि हिने सांगितलं का न्हाई?"

"मावशी," पोरगी म्हणाली, "मी तोंड उघडलं की त्या घास घालून राहिल्या. मंग जाऊ दे म्हटलं. चांगल्या आहेत हो त्या. म्हणाल्या, तिथं त्रास झाला तर माझ्याकडं येऊन राह्य."

"आणि तू काय म्हणालीस?"

"हो म्हणाले."

म्हणजे होतं नव्हतं तेही गेलं. पण या भेटीतून एक गोष्ट झाली. जाताना दिग्दर्शकाने आत्याला हात जोडून म्हटलं होतं, "आई, एकदा शूटिंग बघायला या." आणि आत्या म्हणाली होती, "येते की. बघतेच तिला."

पुढच्या रविवारी आत्या खरंच आली. भावाला घेऊन, काळीपिवळी जीपने, सकाळीच. दिग्दर्शकाने तिला लिंबाच्या सावलीत बाज टाकून दिली. मी जाऊन पाया पडले. तिने पाय आखडून घेतले. मी मेकअपला गेले, म्हणजे आरशापुढे उभं राहून मोठं कुंकू लावलं आणि डोक्यावर भलामोठा खोटा अंबाडा बसवला.

त्या दिवशीचा प्रसंग असा, की सुनेने लपवून ठेवलेली लाडवांची पिशवी मला सापडते आणि मी ती अंगणात भिरकावते. सून माझे पाय धरते, मी तिला ढकलते. दिग्दर्शकाने आत्याला नीट समजावलं होतं. "आई, हे खोटं आहे. काही झालं तरी उठायचं न्हाई, बोलायचं न्हाई."

"बिलकुल न्हाई," आत्या म्हणाली.

ॲक्शन म्हटल्यावर मी सुरू झाले. आता खरं सांगायचं तर आत्या बघतेय म्हणून मी जरा सौम्यपणे बोलणार होते. पण कॅमेरा सुरू झाला की मला भान राहत नाही. मी पिशवी भिरकावली, पोरीच्या माहेराचा उद्धार केला, आणि तिला ढकलणार एवढ्यात मागून कुणीतरी माझा अंबाडा धरला.

"सोड तिला! सोड म्हणते ना! लेकराच्या पोटात न्हाई अन्न, आन् लाडू फेकून राह्यली?" आत्याने हिसका दिला. अंबाडा तिच्या हातात आला.

क्षणभर ती त्या अंबाड्याकडे बघतच राहिली. मुंडकं हातात आल्यासारखी तिची बोबडी वळली. शेळी ओरडायला लागली. मी तोल जाऊन खाली बसले होते. तेवढ्यात ती छळलेली, पिडलेली सून धावत आली आणि माझा हात चोळत म्हणाली, "मावशी, लागलं का हो? पाणी आणू?" मग आत्याकडे वळून चक्क ओरडली, "आत्या, काय हे! कामून आल्ता मधी? एवढा चांगला टेक चालू होता!"

दिग्दर्शक मात्र ओरडला नाही. त्याने कॅमेरा बंदच केला नव्हता.

आत्याला बाजेवर बसवलं, पाणी दिलं. अंबाडा तिच्या मांडीवर होता, ती त्यावरून हात फिरवत होती. मी शेजारी बसले. ती हळूच म्हणाली, "लागलं का?"

"न्हाई हो. माझे केस त्याच्या खाली आहेत, थोडे."

ती जरा हसली. मग गंभीरपणे म्हणाली, "पण एवढा राग आणता कुठून? आतमधी असल्याशिवाय यील का?"

 जे सुचलं ते बोलले. "आहे ना. दिवसभर मशीनवर बसते, कुणी काही बोलतं, कुणी काही. सगळा साठतो. तो इथं येऊन सांडते. घरी न्यायला काही उरतच न्हाई."

आत्याने अंबाडा उचलून माझ्या हातात दिला. नंतर तिच्या भावाकडून मला कळलं, की तिचं सासर फार वाईट होतं. नवरा गेल्यावर तिला माहेरी आणून सोडली, ती कायमची. सासूला एक शब्द उलटून बोलण्याची तिची आयुष्यभर राहून गेलेली इच्छा त्या दिवशी माझ्या अंबाड्यावर निघाली.

दिग्दर्शकाने तो भाग तसाच दाखवला. आत्याला त्याने सासूची सासू करून टाकलं. लोक इतके खूश झाले की काय सांगू. मला त्रास देणारी कुणीतरी आहे, याचाच त्यांना आनंद. दिग्दर्शक पेढे घेऊन घनसावंगीला गेला आणि म्हणाला, "आई, आता तुम्हाला यावंच लागेल." आत्याने आढेवेढे घेतले, मग हो म्हणाली. आणि त्याच बैठकीत, पेढा तोंडात असतानाच, भावाला म्हणाली, "त्या बाईला लग्नाचा होकार बी कळवून टाक. माझ्या डोळ्यांसमोर राह्यील ती, बराबर."

लग्न झालं. मांडवात नवरा-नवरीपेक्षा माझ्या आणि आत्याच्या फोटोसाठी जास्त गर्दी होती. मुलगा चिडला, सून हसत राहिली.

ही माझी खरी सून पहिले काही दिवस अगदी कमी बोलायची. मला वाटायचं, घाबरते की काय. एकदा तिला शूटिंगला घेऊन गेले. ती सगळं शांतपणे बघत बसली. परत येताना जीपमध्ये म्हणाली, "मामी, ती सून लई रडकी आहे. नुसती पाय काय धरून राह्यली? तिनं उत्तर द्यायला पाह्यजे."

"काय उत्तर द्यायचं?"

तिने तिथेच दिलं. समोरच्या सीटवरचे लोक मागे वळून बघायला लागले.

आता सुनेचे संवाद तीच सुचवते. संध्याकाळी मी भाकरी थापते, ती भाजते, आणि आम्ही नवे संवाद म्हणून बघतो. ती मला अशी काही सुनावते की मालक ताट घेऊन अंगणात जाऊन बसतात. परवा शेजारणीने हे भांडण ऐकलं आणि काळजीपोटी थेट आत्याला फोन लावला. दुसऱ्या दिवशी आत्या सकाळच्या जीपने दारात हजर. चप्पल काढायच्या आत तिने दोघींना समोर उभं केलं.

"काय बोललात एकमेकींला? शब्द न् शब्द सांगा."

आम्ही सांगितला. आत्याने डोळे मिटून सगळं ऐकलं. मग पलंगावर मांडी घातली आणि भाचीला म्हणाली, "शेवटचं वाक्य पडलं गं. तिथं जरा थांबायचं, तिच्या डोळ्यांत बघायचं, आन् मंग बोलायचं. म्हण बरं परत."