ठकठक अंकलची भिंत

रायपुरात नवा फ्लॅट घेतलेल्या माणसाला 'कसे आहात' नंतर विचारतात. आधी विचारतात, "तुमच्याकडे कुठून गळते?" आमच्या बिल्डिंगमधले सगळे संध्याकाळी खाली बाकावर बसतात, अन् एकाचा किस्सा संपत नाही तं दुसऱ्याचा सुरू!

उत्तर मात्र सगळ्यांना एकच. बिल्डरचा सुपरवायझर दुबे हात जोडून म्हणते, "दीदी, नई बिल्डिंग है, सेटल हो रही है."

*

खालच्या मजल्यावरच्या मेश्रामभाऊंच्या बाथरूमचा उतार उलटा. आंघोळ बाथरूममध्ये, पाणी हॉलमध्ये! दुबेनं बादलीभर पाणी ओतून पाहिलं. ते थेट सोफ्याखाली गेलं.

"पानी को थोड़ा टाइम दीजिए," दुबे म्हणे.

मेश्रामभाऊ म्हणाले, "पाण्याले समजन हो, तुमाले कधी समजन?"

*

आमचा फ्लॅट बाबांनी बुक केला होता. रायपूरजवळच्या उरला गावातल्या रोलिंग मिलमध्ये त्यांचा जन्म गेला. सुटीच्या दिवशी बांधकामावर जायचे अन् प्लास्टर पोकळ तं नाही, म्हणून स्कूटरच्या चावीनं ठोकून पाहायचे. ठकठक... मग जरा थांबून, ठक. मजूर त्यांना 'ठकठक अंकल' म्हणत.

एकदा ठोकता ठोकता प्लास्टरचा पोपडाच खाली आला! बाबा खूश. "पाह्यलं? मी म्हनलं नव्हतं?"

फ्लॅटची चावी हातात यायच्या आधीच बाबा गेले.

*

आमच्या स्वयंपाकघरातलं एक बटण दाबलं की आईच्या खोलीतला पंखा फिरायचा. इलेक्ट्रिशियननं वायर बदलली. आता बटण दाबून काहीच होत नाही. पंखा मात्र दुपारी आई जेवून आडवी झाली की आपोआप सुरू होते!

"कोन लावून राह्यलं वं पंखा?" आई विचारते.

"सेटल होऊन राहिला," मी म्हणते. दुसरं काय सांगू?

*

आईची बॅग भरून ठेवलेली होती. नागपूरले मामाकडे जायचं म्हणे. "ज्यानं घर घेतलं तोच नाही. वरून पलंगामागं भिंतीले ओल. मी काहून राहू इथं?" मले एकटीनं राहायची भीती वाटते, खरं सांगते. म्हणून मी दुबेच्या मागं लागली, आधी ही भिंत करून दे.

दुबे एका सकाळी आला. कुठून फोडायचं ते पाहायला हातोडीनं एकदा ठोकलं. ठक.

आतून आलं, ठकठक... मग जरा थांबून, ठक.

"पड़ोस में कोई है," दुबे म्हणाला.

"भैया, ये बाहर की दीवार है! चौथा माला है!"

त्यानं खिडकीतून वाकून पाहिलं. बाहेर नुसतं ऊन होतं. 'सेटल' म्हणायला तोंड उघडलं अन् मिटलं. हातोडी तिथंच टाकून गडी जिन्यानं पळाला.

मी बॅगकडे धावली. "आई, चल वं, मीही येते नागपूरले!"

आई भिंतीले हात लावून उभी होती.

"सांग त्याले, भिंत फोडू नोको," ती म्हणाली. मग बॅग पलंगावर घेतली अन् एकेक साडी काढून कपाटात ठेवू लागली.