मामांचा ठग आणि सिनेमातला ठग

सत्याला जबलपुरात कुणी वाली उरला असेल, तर ते म्हणजे आमच्या हिचे मोठे मामा. संरक्षण कारखान्यात त्यांचा जन्म तयार माल तपासण्यात गेला. निवृत्तीनंतर तपासायला माल उरला नाही, म्हणून ते जग तपासू लागले. लग्नात नवरदेवाची उंची स्थळ बघताना सांगितली तेवढी भरते का, हे पाहायला ते खिशात टेप ठेवतात. सत्यनारायणाच्या कथेत साधुवाण्याची नौका आली की भटजींना थांबवून, "नौका किती टनांची होती?" असं विचारतात. भटजी हल्ली तो भाग मामा पाणी प्यायला उठले की उरकून घेतात.

अशा माणसाला आयुष्यात एकदाच कुणी गंडवलं, आणि तेही मराठीतून. आम्हा जबलपूरकरांचं मराठी घरातल्या घरात वापरायचं. निम्मं वाक्य हिंदीत गेलं तरी कुणी मनावर घेत नाही. त्यामुळे पुण्याकडचा कुणी 'ऋणानुबंध' वगैरे स्वच्छ उच्चारू लागला की आम्ही आधी त्याला खुर्ची पुसून देतो. असाच एक गृहस्थ फार वर्षांपूर्वी अधारताल मोहल्ल्यात मामांकडे उतरला. आमच्या मराठी मंडळाच्या बाजाच्या पेटीचे सूर उतरले आहेत, पुण्याहून लावून आणतो म्हणाला. "इतकं शुद्ध बोलणारा माणूस खोटं काहून बोलेल?" असं म्हणत मामा स्वतः ती पेटी मांडीवर घेऊन रिक्षातून स्टेशनवर गेले, त्याला खिडकीची जागा मिळवून दिली आणि हात हलवून निरोप दिला. पेटी अजून सुरात लागते आहे.

तो ठग पुढे पकडला गेला, गाजला, आणि यंदा त्याच्यावर सिनेमा आला. खरं किती, खोटं किती हे ठरवायला मामा मला घेऊन पहिल्याच खेळाला हजर. पडद्यावर पेटीचा झाला होता हिऱ्यांचा हार आणि रिक्षाची मोटारबोट. वर ठग भेडाघाटच्या संगमरवरी कड्यावरून नर्मदेत झेपावला. "रिजेक्ट!" मामा उभे राहून ओरडले. मागून कुणी वैतागलं, "अंकल, पिक्चर देखने दो ना." "अरे भैया, पिक्चर ही तो जाँच रहा हूँ! काहे की छलाँग? मैं खुद छोड़ के आया उसको प्लॅटफॉर्म पे!"

मग एक प्रसंग आला. नऊवारीतली एक बाई ठगाला आग्रहानं वाढते, तो "वा वहिनी!" म्हणतो आणि तिची पाठ वळताच तोंडातला घास कुंडीत थुंकतो. सगळं थिएटर हसलं. मामा मात्र खाली बसले, ते सिनेमा संपेपर्यंत उठले नाहीत.

बाहेर चहाच्या टपरीवर त्यांनी विचारलं, "ते कुंडीचं खरं असेल का हो, जावईबापू? तुमच्या मामीच्या पाटवड्यांची त्यानं लई तारीफ केली होती."

मामींना जाऊन दोन वर्षं झाली. पेटी गेल्याचं त्यांना काहीच वाटलं नव्हतं. ठगाची ती तारीफही खोटीच असणार, हे मात्र जिव्हारी लागलं होतं. त्यानंतर मामांनी कितीही विनवलं तरी त्यांनी पाटवड्या कधी केल्या नाहीत.

मला वाईट वाटलं. मी विचारलं, "गाडी सुटताना काय झालं होतं?"

"काय होणार? पेटी वर ठेवली. तिनं दिलेला पाटवड्यांचा डबाही मी वर ठेवून राहिलो होतो, तर म्हणे, तो राहू द्या माझ्याजवळ. गाडी हलली तेव्हा खाऊनच राहिला होता."

"मामा, पेटी मिळाली होती, गाडी सुटली होती. आता कोणाला फसवायला खात होता तो?"

मामांनी कप खाली ठेवला. त्यांचा चेहरा एकदम उजळला, जणू कारखान्यात अडून बसलेला माल सुटला. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "हे तुम्ही ती असताना काहून नाही विचारलं?"