बकरीच्या रक्तातला बिननावाचा पुंजका

काय काम करता, असं कोणी विचारलं की मी 'कॉम्प्युटरवर' एवढंच सांगतो आणि विषय बदलतो. सोसायटीतल्या लोकांचा समज आहे की मी बँकेचं काहीतरी बघतो. मी तो कधी खोडून काढला नाही. लग्न टिकलं नाही, हेही तिथे कोणाला नीट माहीत नाही. न सांगण्याची सवय लागली की ती फार सोयीची असते. आज मात्र सांगून टाकतो.

गंगापूर रोडला औषधाच्या एका दुकानावर आमचं छोटं ऑफिस आहे. तिथे आम्ही पेशींना नावं देतो. रक्तात रोगाशी लढणाऱ्या पेशी अनेक प्रकारच्या असतात. एका प्राण्याच्या सगळ्या पेशींत जनुकं तीच, पण कोणती चालू आणि कोणती बंद, यावरून पेशीचा प्रकार ओळखता येतो. प्रयोगशाळा एकेका पेशीतली चालू जनुकं मोजून आकडे पाठवतात. कॉम्प्युटर सारख्यासारख्या पेशी जवळ आणतो आणि पडद्यावर ठिपक्यांचे पुंजके उमटतात. हा पुंजका कुणाचा, तो कुणाचा, हे आम्ही ठरवायचं. आणि काम एका प्राण्याचं नसतं. माणूस, उंदीर, गाय, बकरी अशा सगळ्यांच्या पेशी एकाच तक्त्यात शेजारी शेजारी बसवायच्या असतात.

दोन वर्षांपूर्वी सटाण्याकडचे एक पशुवैद्य आमच्याकडे कंत्राटावर आले. वय माझ्याएवढंच. गुडघे दुखायला लागले म्हणून गावोगाव हिंडणं थांबवून त्यांनी हे काम शिकून घेतलं होतं. गाय आणि बकरी त्यांच्याकडे, माणूस आणि उंदीर माझ्याकडे. शेवटी सगळं जुळवून तक्ता करायचा, तोही मीच. पहिल्याच आठवड्यात ते माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले आणि त्यांच्या अहिराणी वळणात म्हणाले,

"काय भाऊ, किती बारशी झाली आज?"

"चार."

"आणि पेढे एकाचेही नाहीत? कंजूष मामा शे तू."

तेव्हापासून ते मला अरेतुरे करायचे आणि मी त्यांना डॉक्टर म्हणायचो. दुपारी डबा एकत्र. त्यांच्या डब्यात भाकरी आणि मिरचीचा ठेचा, माझ्याकडे पोळीभाजीच्या केंद्रातलं काहीतरी. ते माझं झाकण उघडून वास घ्यायचे आणि म्हणायचे, "ही भाजी कोणत्या प्रकारात टाकायची रे? पुंजकाच ओळखू येत नाही." मी हसायचो. ऑफिसात मी हसतो हे इतरांना तेव्हाच कळलं. सुट्टीच्या दिवशी मात्र त्यांच्याशी काय बोलायचं ते मला सुचत नसे, म्हणून मी कधी फोन केला नाही. तेच करायचे. "जेवला का?" एवढं विचारून ठेवून द्यायचे.

आता ती गोष्ट.

चार प्राणी एकत्र बसवताना आम्ही पहिल्याच पायरीला एक चाळणी लावतो. जी जनुकं चौघांतही सापडतात तेवढीच ठेवायची, बाकीची काढायची. त्याशिवाय तुलना होत नाही. बकरीच्या रक्तात एक मोठा पुंजका होता. चाळणीनंतर त्याला कुठलंच नाव बसेना. माणसाच्या कुठल्याच पेशीशी तो धड जुळत नव्हता. अशा पुंजक्याला आम्ही 'खराब पेशी' म्हणून काढून टाकतो. पुष्कळदा ते खरंच मेलेल्या, फुटलेल्या पेशींचे अवशेष असतात.

डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवलं. "भाऊ, हाऊ कचरा नही शे."

"मग काय आहे?"

"गॅमा-डेल्टा. टी पेशींचाच एक प्रकार. माणसात चिमूटभर असतात, पण बकरीच्या पिलात बघ, रक्त त्यांनीच भरलेलं असतं. त्यांची खूण असलेली जनुकं माणसात नाहीतच, ती तुझ्या चाळणीत गळाली. ओळखपत्र काढून घ्यायचं आणि वर विचारायचं, तू कोण?"

मी म्हणालो, बघतो.

आणि मी बघितलं. हे मी तेव्हा कोणालाच सांगितलं नाही. ते चहाला खाली गेले तेव्हा मी चाळणी काढून मूळ आकडे उघडले. त्या पुंजक्यात ती जनुकं लख्ख चालू होती. शंकेला जागा नव्हती. मी फाईल बंद केली. तो पुंजका ठेवला तर माणसाच्या रकान्यात जवळजवळ रिकामी जागा दिसणार होती आणि आठवडाभराची जुळणी पुन्हा करावी लागणार होती. हे कारण खरं आहे, पण पुरेसं नाही. मी या कामात त्यांच्या कितीतरी आधीपासून आहे, आणि त्यांना ते नुसतं बघून कळलं होतं. मला ते सोसलं नाही. मी पुंजका काढून टाकला आणि तक्ता पाठवून दिला. त्यांना सांगितलं, "तपासलं डॉक्टर, खराबच होत्या." त्यांनी मान हलवली. मग ते गायीच्या फाईलकडे वळले.

काम देणाऱ्या प्रयोगशाळेला फरक दिसलाच. बकरीच्या एवढ्या पेशी गेल्या कुठे, असं त्यांनी व्हिडिओवर विचारलं. आमच्या ऑफिसच्या प्रमुख मॅडम वयानं लहान आहेत, पण कामात कडक. त्या म्हणाल्या, "बकरी डॉक्टरांकडे होती ना?"

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. एकदाच. मी माईकचं बटण चालू आहे की बंद ते तपासत असल्यासारखं केलं.

"माझ्याकडून राहिलं असेल," ते म्हणाले. "दुरुस्त करून देतो."

दुरुस्ती त्यांनीच केली. नंतर कंत्राट संपलं ते पुढे वाढलं नाही. जाताना ते सगळ्यांशी हात मिळवून गेले, माझ्याशीही. फोन यायचा मात्र थांबला. तेव्हा मला कळलं की आठवडाभर कोणाशीही एक शब्द न बोलता राहता येतं, आणि घरात ते कोणाच्या लक्षातही येत नाही, कारण घरात कोणी नसतं.

मॅडमना मी सगळं सांगितलं, पण फार उशिरा. त्या म्हणाल्या, "अहो सर, ते प्रकरण केव्हाच मिटलं. आता कशाला?" त्यांना राग आला असता तर बरं वाटलं असतं. डॉक्टरांना परत बोलवा असंही मी म्हणालो. त्या म्हणाल्या, मी फोन केला होता, पण डॉक्टर नको म्हणाले; गावीच दवाखाना उघडलाय त्यांनी.

गेल्या महिन्यात सटाण्याची एसटी धरली. विचारत विचारत त्यांच्या दवाखान्यापर्यंत गेलो. पत्र्याच्या शेडबाहेर बकऱ्या बांधलेल्या, एक म्हातारी बाई बसलेली. ते इंजेक्शन भरत होते. मला बघून म्हणाले, "अरे, मोठा माणूस आला! धर हिला. शिंगाला नको, मानेखाली धर."

मी धरली. म्हातारीनं विचारलं, "हाऊ कोण शे, डॉक्टर? नवा कंपाउंडर का?"

"नाही आजी. हा नाशिकचा. बकऱ्यांना नावं ठेवतो."

ती तोंडाला पदर लावून हसली. मला वाटलं, असंच चालू राहू द्यावं. दुपारभर बकऱ्या धरून, काही न बोलता परत जावं. सगळं पूर्ववत झालं असतं. त्यांच्या आवाजावरून ते समजत होतं.

"डॉक्टर, तो पुंजका मी काढला होता."

"माहीत आहे मला." ते सुई पुसत म्हणाले. "तेव्हा बोललो नाही, कारण तुला खरंच कळलं नव्हतं. कळत नाही त्याला चारचौघांत काय उघडं पाडायचं? माणसाच्या पेशी बघून बघून डोळे तसेच होतात. जाऊ दे."

म्हणजे त्यांनी मला केव्हाच माफ करून टाकलं होतं. अडाणी समजून. मी मान डोलावली असती तरी पुरलं असतं.

"मला कळलं होतं," मी म्हणालो. "तुम्ही चहाला गेलात तेव्हा मी बघितलं होतं. जनुकं दिसली होती. तरी काढला. तुम्हाला आधी दिसलं म्हणून."

त्यांचा हात बकरीच्या पाठीवर होता, तो तसाच राहिला. मग त्यांनी सुई टोचली, जागा अंगठ्यानं चोळली आणि माझ्या हातून दोरी घेतली.

"आजी, ही दुसरी तुम्हीच धरा," ते म्हणाले. माझ्याकडे न बघता पुढे म्हणाले, "नाशिकची गाडी स्टँडवर उभी असेल. निघा तुम्ही."

म्हातारीनं आमच्या दोघांकडे बघितलं आणि दुसरी बकरी धरली. मी रस्त्याला लागलो. कांद्याचे ट्रॅक्टर ओळीनं उभे होते, त्यांच्या कडेकडेनं स्टँडपर्यंत चालत गेलो. हातांना बकरीचा वास येत होता. गाडीत बसल्यावर फोन काढला, त्यांचा नंबर समोर आणला. आता सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून फोन परत खिशात ठेवला.