ड्रेसिंगच्या खोलीतला कॉल

आमच्या सर्जिकल वॉर्डात जखमा धुऊन पट्ट्या बांधायचं काम मामांकडे होतं. कुणाचे सख्खे मामा नव्हते ते, पण मोठ्या सर्जनपासून झाडूवाल्या बाईपर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणत. मी तिथली नर्स. एकोणीस वर्षं बरोबर काम केलं, पण त्यांनी नाक मुरडलेलं कधी पाहिलं नाही. सडलेलं बोट असो, अळ्या पडलेली टाच असो, मामा स्टूल ओढून बसायचे आणि भाजी किती महाग झाली यावर पेशंटशी वाद घालत काम उरकायचे. आम्हाला नंतर डबा उघडवत नसे. मामा चाटूनपुसून जेवत.

त्या माणसाला किळस आलेली मी पाहिली ती व्हिडिओ कॉलच्या पायी.

मनाच्या आजारांचे डॉक्टर आमच्याकडे कधी टिकलेच नाहीत. मग वरून ठरलं, की दूरच्या मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टरबाई व्हिडिओवरून पेशंटशी बोलतील. टॅबलेट आला, स्टँड आला, हसऱ्या चेहऱ्यांचं पोस्टर लागलं. खोली मात्र दिली ती मळक्या चादरी टाकायची. चादरी तिथेच राहिल्या, त्यांच्यापुढे नुसता हिरवा पडदा ओढला. दाराला कडी नव्हती. आवाज मोठा ठेवलेला, त्यामुळे बाहेर बाकावरची माणसं कान टवकारून ऐकायची. एका बाईने नवऱ्याबद्दल रडत रडत सांगितलेलं संध्याकाळपर्यंत कँटीनमध्ये पोचलं आणि तिच्या नकला झाल्या. मीही हसले होते. खोटं कशाला सांगू?

इन्चार्ज मॅडमना महिन्याला चाळीस कॉल दाखवायचे होते. आठ मिनिटं झाली की त्या दारात उभ्या राहून बोटाने खूण करायच्या: पुढचा.

अशातच घड्याळं दुरुस्त करणारे एक आजोबा दाखल झाले. साखरेच्या आजारात पाय चिघळला आणि गुडघ्याखाली कापावा लागला. ते इथे पडून असताना मुलाने त्यांचं दुकान परस्पर दुसऱ्याला देऊन टाकलं. त्यानंतर आजोबांनी बोलणंच सोडलं. मुलगा भेटीच्या वेळेला यायचा आणि शेजारी बसून मोबाइल बघायचा.

कॉलला तोही आत आला. मी टॅबलेट धरून उभी होते.

"कसं वाटतंय आजोबा?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"मस्त आहेत," मुलगा म्हणाला.

"झोप लागते?"

"अहो, घोरतात!"

"त्यांना बोलू द्या ना."

"त्यांना ऐकायला कमी येतं."

साफ थाप. वॉर्डातलं भिंतीवरचं घड्याळ मागे पडतंय हे आजोबांनी दाखल झाले त्याच दिवशी नुसत्या टिकटिकीवरून ओळखलं होतं. मी तोंड उघडणार, एवढ्यात दारात मॅडमचं बोट हललं. आठ कसली, सहा मिनिटांतच कॉल संपला. फॉर्मवर 'रुग्ण समाधानी' लिहिलं गेलं. खाली सही माझी.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी सोडल्यावर पायाखाली घ्यायला मामांनी आजोबांची उशी ओढली, तर अभ्र्यातून नऊ गोळ्या निघाल्या. झोपेच्या. मीच रोज हातावर ठेवून पुढच्या कॉटकडे वळत होते, त्या.

"हे काय आजोबा?"

"राहू दे रे," आजोबा म्हणाले. "तुझं काय जातं?"

मामा तळहातावर गोळ्या घेऊन मॅडमकडे गेले. मीही मागोमाग गेले. मॅडमनी फॉर्म काढून दाखवला. "कालच समाधानी लिहून पाठवलंय. आज उलटं लिहिलं तर आपलीच शोभा. टाकून द्या त्या आणि गप्प बसा."

मामा बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा ओकारी दाबून धरल्यासारखा झाला होता. "सिस्टर," ते म्हणाले, "पू धुतला की जातो. ह्यांना कशाने धुवायचं?"

मग त्यांनी सरळ टॅबलेट उचलला आणि आजोबांची व्हीलचेअर ड्रेसिंगच्या खोलीकडे ढकलली. मुलगा मागून आलाच.

"या की आत," मामा म्हणाले. "जखम उघडी आहे. वास जरा जास्त येईल."

मुलाने रुमाल नाकाला लावला आणि तो उंबऱ्यावरूनच परत फिरला.

मी डॉक्टरबाईंना फोन करून गोळ्यांचं सांगितलं. ठरलेली वेळ नसतानाही त्या दहा मिनिटांत व्हिडिओवर आल्या. कात्र्या-चिमट्यांचा ट्रे, बाटल्या, सगळं मामांनी आधीच बाहेर काढलं होतं. टॅबलेट टेबलावर टेकवून त्यांनी दार ओढून घेतलं. दाराला छोटी काच होती. तिच्यातून आजोबा दिसत, पण ऐकू काही येत नसे. मामा तिथेच पाय रोवून उभे राहिले.

मॅडम तरातरा आल्या. "टॅबलेट कुठे आहे?"

"आत. ड्रेसिंग चालू आहे."

"तुम्ही तर इथे! मग ड्रेसिंग कोण करतंय?"

"डॉक्टरबाई."

मॅडम चिडल्या, ओरडल्या, हात पुढे करून दार ढकलू लागल्या. मामा तसूभर हलले नाहीत. मीही त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. फार उशिरा, पण राहिले. चाळीस मिनिटं आजोबा बोलत होते. मधेच एकदा त्यांनी दोन्ही हातांनी चेहरा झाकला, आणि मग पुन्हा बोलू लागले.

त्याच दुपारी डॉक्टरबाईंनी थेट मोठ्या सर्जनना फोन केला. आजोबांजवळ चोवीस तास माणूस बसू लागला, औषध बदललं, आठवड्यातून दोनदा कॉल सुरू झाला, तोही ड्रेसिंगच्या खोलीत. सुट्टी मिळाली तेव्हा मुलाबरोबर जायला त्यांनी चक्क नकार दिला. धाकटी बहीण येऊन त्यांना आपल्या घरी घेऊन गेली. आता तिच्या खिडकीपाशी बसून ते शेजारपाजाऱ्यांची घड्याळं उघडतात, असं ती सांगत होती.

मामांना मात्र मेमो मिळाला: विनापरवानगी उपकरण हलवलं, वरिष्ठांशी उद्धट वागले.

आणि दोन महिन्यांनी पाहणीला पथक आलं, तेव्हा ह्याच मॅडमनी सगळ्यांना ड्रेसिंगच्या खोलीत नेलं. "पेशंटला मोकळेपणाने बोलता यावं, म्हणून ही आमची कल्पना," त्या म्हणाल्या. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. फोटोसाठी मामांना नवा एप्रन घालून उभं राहायला सांगितलं. मामांनी एप्रनकडे पाहिलं, "मला मळमळतंय," म्हणाले आणि पथक जाईपर्यंत फिरकलेच नाहीत.

मेमो अजून त्यांच्या फाइलीत आहे. मॅडमना बढती मिळाली, इतर रुग्णालयांत अशाच खोल्या उभ्या करायच्या कामावर. निरोपाला केक कापला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या वाट्याचा तुकडा मी कागदासकट कचऱ्यात टाकला. मामा आलेच नाहीत. त्यांची तीन ड्रेसिंग बाकी होती.