मोहाच्या खोडावरची पाळ

मी सासरी आले त्याच उन्हाळ्यात गावानं बोडी बांधली. बोडी म्हणजे मातीची पाळ घालून शेतांसाठी अडवलेलं पाणी. हातावरची मेंदी जायच्या आत माझ्या डोक्यावर मातीची टोपली आली. म्हणून बोडीला कुणी नावं ठेवली की माझं डोकं फिरायचं.

पाळीच्या आखणीत मोहाचं एक वाळलेलं झाड आलं. ते तोडलं, पण खोड खणायची वेळ आली तशी सासू आडवी आली. "जेनं उपाशी दिवसांत आपल्याले पोसलं, तेचे मुळं उपटता कायले? राहू द्या." आमच्याकडे मोहापुढे कोण बोलणार! सगळ्यांनी हात जोडले आणि खोडावरच माती घातली.

बरीच वर्षं चांगली गेली. मग ऐंशीनंतरच्या एका साली धान ऐन निसवायला, लोंब्या धरायला आला, पावसानं पाठ फिरवली, आणि नेमकी तेव्हाच पाळ गळू लागली. आमच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली धानाची शेतं, पाटाच्या अगदी शेवटी. बोडी रिकामी झाली तर आमच्या हाती दाण्याविना नुसतं तणीस, वाळला पेंढा, लागणार होतं. पुरुष मंडळी बाहेरच्या अंगानं चिखल लिंपत होती आणि पाणी तो धुऊन नेत होतं. शेवटी ते म्हणू लागले, पाळ फुटून खालची शेतं वाहून जाण्यापेक्षा बोडीतलं पाणीच सोडून देऊ.

"सोडा! अन् आमी काय खावाव, तुमचा चिखल?" मी सासऱ्यांसमोरच ओरडले. पदराचं भान कुणाला होतं!

सासू गुपचूप घरी गेली आणि धानाचा कोंडा टोपलीभर घेऊन आली. पाळीवर उभी राहून मुठीमुठीनं तिनं तो पाण्यावर टाकला. कोंडा आधी तरंगत राहिला, मग एका जागी गरगर फिरू लागला आणि आत ओढला गेला.

"मोहाचं खोड सडलं," ती म्हणाली. "मीच ठेवलं व्हतं, मीच उतरीन."

ती कमरेएवढ्या पाण्यात उतरली, तिच्यामागं मी. पायाला भोक लागलं. मग सारं गाव धावलं. तणसाचे पेंढे, वर काळी माती, पुन्हा तणीस. आम्ही बायकांनी धानाच्या रोवण्याची गाणी म्हणत ते तुडवलं. दुपार कलली तसं बाहेरचं गळणं थांबलं. पाळीवर असा कल्ला झाला की बैल बुजले. मी तर चिखलासकट नाचले.

पाणी आधी वरच्या बांध्यांना, ही गावाची रीत. त्या खेपेला वरच्यांनी आपापल्या बांध्यांची तोंडं बुजवून पाणी थेट आमच्याकडे सोडलं. धान भरघोस झाला.

नव्या तांदळाचा पहिला भात सासूनं पाळीवर नेला आणि खोडाच्या जागी ठेवला. मी चिडवलं, "आपल्याले बुडवाले निंगाला व्हता, तेलेच भात?"

ती म्हणाली, "सडेपर्यंत तेनंच पाळ धरून ठेवली, ते नाही दिसलं तुले?"

मी उरलेला भातही तिथंच वाढला.