तात्पर्यकाकीची राहिलेली गोष्ट

काकीच्या गोष्टीत जो प्राणी यायचा, तो बहुतेक मरायचा. बैल, घोरपड, बगळा, कुणाचीच सुटका नसे. गोष्ट चार-पाच वाक्यांत उरकायची. मग ती हातातला काजू खाली ठेवायची, पदराने तोंड पुसायची आणि म्हणायची, "तात्पर्य." हा शब्द आला की आमची सगळी शेड गप्प व्हायची. आता ते कुणावर पडतंय, एवढंच कळायचं राहिलेलं असे.

रत्नागिरीजवळच्या एका काजूच्या कारखान्यात आम्ही सोलणीला होतो. भट्टीतून आलेल्या गरावरची साल काढायची, अख्खा गर एका बाजूला, तुकडा दुसऱ्या बाजूला. हात गुंतलेले आणि तोंड मोकळं. काकी माझ्या शेजारी बसायची. तिला खरं नाव होतं, पण ते फक्त मुकादम हजेरीला घ्यायचा. आम्ही सगळ्या तिला तात्पर्यकाकीच म्हणायचो.

कारखान्यात यायच्या आधी ती गावच्या शाळेत खिचडी शिजवायची. चूल वर्गाच्या भिंतीला लागून होती. गुरुजी गोष्ट सांगायचे ती तिला भिंतीपलीकडून ऐकू यायची. फोडणी घातली की मधला भाग ऐकू येत नसे, म्हणून काकीच्या गोष्टींना मधला भाग नव्हता. तात्पर्य मात्र गुरुजी मोठ्याने सांगायचे, आणि तेव्हा ती दारातून डोकवायची. तिच्या लक्षात आलं की तात्पर्य सांगताना गुरुजी एकाच कुणाकडे तरी बघतात. ती मला म्हणाली होती, "ज्याच्याकडं बघतात त्याच्यासाठीच गोष्ट असते गो. बाकीची पोरं आपली उगाच ऐकतात."

काकीनेही तीच पद्धत ठेवली. नाव कुणाचंच घ्यायचं नाही, फक्त बघायचं. एकदा दुपारचा चहा रोजच उशिरा यायला लागला. काकीने गोष्ट काढली. "एका बैलाला मालक पाणी उशिरा पाजायचा. बैल मेला. तात्पर्य, चहा वेळेवर आला पायजे." आणि मुकादमाकडे बघत राहिली.

मुकादम म्हणाला, "काकी, बैल कुठे चहा पितो?"

"म्हणून तर मेला मेल्या."

दुसऱ्या दिवसापासून चहा वेळेवर यायला लागला. मुकादमाला गोष्ट पटली असं मला वाटत नाही. पण सगळ्या शेडने एकदम आपल्याकडे बघितलेलं कुणाला आवडत नाही.

पुढे काकीच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि तात्पर्याचा नेम चुकायला लागला. ती बघायची एकीकडे आणि आम्हाला वाटायचं दुसरीकडे बघते. सुनंदा रोज दुसरीच्या डब्यातलं लोणचं उचलते, म्हणून काकीने तिच्यासाठी एका लबाड मुंगसाची गोष्ट सांगितली. नजर पडली शेवंतीवर. दुसऱ्या दिवशी सकाळी शेवंतीने माझी विळी परत आणून दिली. विळी तिच्याकडे होती हे मला माहीत नव्हतं. सुनंदाने त्या दिवशीही लोणचं खाल्लं.

हे मी काकीच्या कानावर घातलं तर ती म्हणाली, "कुणाला तरी लागलं ना? मग झालं." तिच्या बोलण्यात तथ्य होतं. तिच्या गोष्टी ज्याच्यासाठी असत त्याला क्वचित लागत, पण वाया अशी एकही जात नसे.

त्या वर्षी माझी मुलगी वैशाली बारावी झाली आणि चिपळूणला नर्सिंगला तिचा नंबर लागला. गणपतीला डोंबिवलीहून माझे थोरले दीर आले. त्यांना मी भाऊजी म्हणते. आल्या दिवशीच ते म्हणाले, "वैशूला मी घेऊन जातो. आमच्याकडे माझ्या सासूबाई अंथरुणावर आहेत, हिची मदत होईल. शिकायचं काय, तिकडेही शिकता येतं." बोलून ते आरतीला उभे राहिले. वैशालीने माझ्याकडे बघितलं आणि मी टाळ शोधायला आत गेले.

भाऊजी वाईट माणूस नव्हे. आमचे हे गेल्यावर घरावरची कौलं त्यांनीच बदलून दिली. म्हणून तर त्यांच्यापुढे बोलणं आणखी कठीण. मी चौथीपर्यंत शिकलेली. त्यांच्यासमोर 'पाणी देऊ का' याच्यापलीकडे मी कधी काही विचारलं नव्हतं, आणि तेही बहुतेक वैशालीकडून विचारून घ्यायची. तिकडे गेली की पोरीचं शिक्षण राहिलं, हे मला कळत होतं. वैशालीलाही कळत होतं. ती कपड्यांची बॅग भरायची आणि परत रिकामी करायची.

मी काकीला सांगितलं. काकी म्हणाली, "बोल की त्यांच्याशी. खातात काय तुला?"

"मला नाही जमत."

"मग मी येते दर्शनाला."

भाऊजींच्या निघण्याच्या आदल्या दिवशी ती आली. गणपतीसमोर पिशवीतली जास्वंदीची फुलं ठेवली, नमस्कार केला आणि खालीच बसली. भाऊजी खुर्चीत, स्वयंपाकघराकडे पाठ करून. मी त्यांच्या मागे, स्वयंपाकघराच्या दारात. वैशालीने काकीला चहा आणि मोदक दिले. काकीने मोदक आधी संपवला. मग म्हणाली, "एक कोंबडी होती. तिला एकच पिल्लू."

भाऊजींनी मोबाइल खाली ठेवला. म्हाताऱ्या माणसांचा ते मान ठेवतात.

"खळ्यात एक मोठा कोंबडा होता," काकी म्हणाली. "तो म्हणाला, मी पिल्लाला पलीकडच्या खळ्यात नेतो, तिकडं दाणे लय हायत. कोंबडी मान खाली घालून उभी. कोंबडा म्हणाला, अगो, तू काय बोलत का नायस?"

इथे काकीने चहाचा घोट घेतला. ती सरळ माझ्याकडे बघत होती. या गोष्टीत अजून कुणी मेलं नव्हतं. मला वाटलं, आता कोंबडी मरणार.

"वैशाली डोंबिवलीला येणार नाही," मी म्हटलं. "ती चिपळूणला जाईल."

आवाज माझाच होता. भाऊजी खुर्चीत वळले. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग वैशालीकडे, मग परत माझ्याकडे. शेवटी ते म्हणाले, "सुमन, तिचं कन्फर्म तिकीट आहे."

गणपतीतलं परतीचं तिकीट म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. मी म्हटलं, "असू दे."

"गणपतीतलं कन्फर्म तिकीट," ते काकीला म्हणाले.

काकी म्हणाली, "माझी गोष्ट राहिली."

कुणी ऐकलं नाही. भाऊजी उठून अंगणात गेले. दुसऱ्या दिवशी एकटेच गेले. जाताना वैशालीच्या हातात खाऊचं पाकीट ठेवलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "हॉस्टेल नीट बघून घ्या."

शेडमध्ये गेले तर काकी तोंड फुगवून बसलेली. "मध्येच काय बोललीस गो? मी गोष्ट सांगत होते ना?"

"तुम्ही माझ्याकडे बघत होतात."

"तुझ्याकडं कशाला बघू? मी त्यांच्याकडं बघत होते. दोन दिवस डोकं खाजवून बसवली होती मी ती."

"मग पुढे काय होतं?"

"कोंबडी काय बोलत नाय. कोंबडाच रात्रभर विचार करतो आणि सकाळी शहाणा होतो. सगळी जिवंत राहतात." हे शेवटचं वाक्य तिने फार दुःखाने सांगितलं. तात्पर्य विचारलं तर म्हणाली, "आता काय उपयोग."

मी यावर पुष्कळ विचार केला आहे. भाऊजी रात्रभर विचार करून शहाणे झाले असते का? मला वाटत नाही. त्यांना झोप चांगली लागते.

पुढच्या वर्षी गणपतीच्या कितीतरी आधी त्यांचा फोन आला. वैशालीला नाही, मला. "सुमन, परतीची तिकिटं किती काढू, आधी सांग."

मी म्हटलं, "तुमचं एकच." वैशालीचं मी धरलं नव्हतं.

काकीचं डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि तिला लख्ख दिसायला लागलं. तेव्हापासून तिच्या गोष्टींचा धाक कमी झाला, कारण त्या ज्याच्यासाठी असत त्याच्यावरच पडायला लागल्या आणि बाकीच्या निर्धास्त झाल्या. नंतर तिच्याने फार वेळ बसवेना. तिची मुलगी तिला न्यायला देवरुखहून आली. आम्ही काहीजणी एसटी स्टँडवर गेलो. शेवंती रडली, सुनंदाने लोणच्याची बरणी दिली. मी वाकून नमस्कार केला.

काकीने माझ्या डोक्यावर हात ठेवला. आता तिला माझं तोंड स्पष्ट दिसत होतं. म्हणाली, "पोरगी बरी हाय ना?"

"बरी आहे. वॉर्डात ड्युटी लागते आता."

"बरं झालं. पण पुन्हा कुणाच्या गोष्टीत मध्ये बोलू नकोस."

गाडी सुटेपर्यंत ती खिडकीतून माझ्या उत्तराची वाट बघत होती. मी हो म्हटलं नाही.