पाडव्याला घरी राहिलेली म्हैस

मंगळवार पेठेतल्या आमच्या घरात काकांच्या खालोखाल मान होता तो म्हशीला. आमच्याकडं दिवाळीच्या पाडव्याला म्हशी सजवून मिरवणुकीत पळवतात. मालक फटफटीवरून पुढे, म्हैस मागे. आमची म्हैस काकांच्या फटफटीचा आवाज ऐकला की दावं तोडून धावायची. त्या जोरावर काकांनी दोन वर्षं शेजाऱ्यांना तोंड उघडू दिलं नव्हतं.

त्या वर्षी दसऱ्यानंतर तिला लाळ्या-खुरकूत रोगानं गाठलं. तोंडात फोड, खुरांना जखमा. पाडव्याच्या आठवडाभर आधी ती चारा खाऊ लागली आणि काकांनी शिंगांचा रंग बाहेर काढला.

मी मायक्रोबायॉलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला होते. अशा आजारानंतर जनावराच्या पांढऱ्या पेशी काही दिवस थकलेल्या असतात, मग साधा जंतूही त्याला आडवं करतो, शिवाय बाकीच्या म्हशींना लागण होते, हे मला पाठ होतं, पण इंग्रजीत. घरात मी दिवसाला चारेक वाक्यं बोलायचे. त्यातली तीन संपली होती.

"काका, तिला नेऊ नका. तिचे इम्यून सेल्स सप्रेस झालेत."

"काय झाल्यात?"

समोरच्या तालमीच्या ओट्यावर मेहनत करून पैलवान उताणे पडले होते. मी तिकडं बोट केलं.

"अंगात असे पैलवान असतात. रोगाशी कुस्ती करून तिचे सगळे असे पडलेत. आत्ता कुणी किडकिडा आला तरी चीत करेल."

काका हादरले. "मग आदी सांगायचं न्हाय व्हय, पोरी?"

दुसऱ्या दिवशी म्हशीपुढं घमेल्यात बदामाची थंडाई. वर तेलानं मालीश.

"माझ्या दोन बाळंतपणात एवढं केलं न्हाईसा!" काकू म्हणाली.

थंडाईबद्दल मी पुस्तकात शोधलं; काहीच नव्हतं.

पाडव्याला काकांना राहवेना. दुसऱ्यांच्या म्हशी लांबून बघायला तरी जायचंच. गुलाबी फेटा बांधून त्यांनी किक मारायला पाय उचलला.

"काका!" मी आयुष्यात प्रथमच ओरडले. "ती आवाज ऐकेल!"

मग आम्ही फटफटी ढकलत निघालो. काका हँडलला, मी मागून. गल्ली दारात उभीच होती.

"मालक, म्हशीनं पेट्रोल पिलं काय?"

"हळू बोला की! पैलवान निजल्यात."

"कुणाचं पैलवान?"

"ह्या पोरीला इचारा."

मी मान आणखी खाली घातली. गल्ली संपली तरी काका किक मारेनात. "तिचं कान लई तिखट हाईत," म्हणाले. इतक्यात मागून, गोठ्यातून, ओळखीचं रेकणं ऐकू आलं. आम्ही एकमेकांकडे पाहिलं आणि ढकलत पळत सुटलो.